गाळलेल्या शब्दामागे बंगळूरला

बंगळूरहून लोक कॉफीची पूड आणतात, रेशमी साडी आणतात, म्हैसूरपाक आणतात. मी एक शब्द आणला. तो मुळात माझाच होता आणि मीच तो फेकून दिला होता.

आमचं घर मिरजेचं. घराच्या भिंतींना रंग नसेल, पण दाराशी पत्रकांचा गठ्ठा असतोच. बाबांचा छापखाना आहे. धरणग्रस्तांची, विडी कामगारांची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं तिथंच छापली गेली. मी बाराखडी शिकले ती छपाईच्या उलट्या खिळ्यांवरून. छापलेल्या ओळीत ताकद असते हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. ती ताकद कुणाच्या तरी अंगावर पडू शकते, हे मात्र शिकायचं राहिलं होतं.

माझी धाकटी बहीण मंजू एकोणीस वर्षांची आहे. अकराव्या वर्षापासून तिला टाइप वन मधुमेह आहे. तो गोड खाऊन होत नाही. तिच्या शरीराच्या रक्षक पेशींनी इन्सुलिन बनवणाऱ्या तिच्याच पेशी शत्रू समजून मारल्या. तेव्हापासून रोज चार सुया. गेल्या वर्षी मी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेबद्दल वाचलं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मऊ मण्यांत बंद करून शरीरात ठेवायच्या, म्हणजे रक्षक पेशींना त्या सापडणार नाहीत, असं काम तिथं चालतं. मी पेटले. त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘उंदरांत इन्सुलिनच्या सुईला निरोप!’

मोठ्या टाइपात ओळ बसेना. टाइप लहान करायचा की शब्द गाळायचा? आमच्या धंद्यात याचं उत्तर ठरलेलं आहे. मथळा लहान होत नाही. मी ‘उंदरांत’ काढला. आत चौथ्या परिच्छेदात बारीक अक्षरांत तो होता, पण पत्रकाच्या चौथ्या परिच्छेदापर्यंत जातं कोण?

एक प्रत मी अभिमानानं प्रयोगशाळेला पाठवली. उत्तर आलं, तेही देवनागरीत, ठाशीव मराठीत. ‘पत्रक वाचले. एक शब्द राहिला आहे. या, दाखवते.’ खाली सही होती प्रमिला या नावाची. त्या तिथल्या तंत्रज्ञ. कुठला शब्द, ते मला तत्काळ कळलं. मी पत्र पुस्तकात दडवलं आणि घरी फक्त एवढंच सांगितलं, “त्यांनी बोलावलंय.”

तोवर मंजूनं माझ्याच पत्रकाच्या जोरावर इंटरनेट पालथं घातलं होतं. तिला बंगळुरातच इंदिरानगरात एक दवाखाना सापडला. तिथं ‘पेशींची कॅप्सूल’ बसवून सुई कायमची बंद करून देतात म्हणे. तिनं फोन करून सोमवारची वेळही घेतली. मला संशय होता. तिला खात्री होती. शेवटी आमच्यात तह झाला. दोघींनी जायचं. शनिवारी प्रयोगशाळा, सोमवारी दवाखाना. प्रयोगशाळा पाहून झाल्यावर दवाखान्याचं काय ते मंजूनं ठरवायचं, मी भाषण द्यायचं नाही.

शुक्रवार, बनशंकरी

सकाळी स्टेशनवर उतरून मी रिक्षावाल्याला रुबाबात म्हटलं, “बनशंकरी.” त्यानं विचारलं, “टेंपल?” मी ठामपणे हो म्हटलं. बनशंकरी हे आपल्या पेठेएवढं काही असेल अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तो शहराचा एवढा थोरला तुकडा आहे की मिरज त्यात हरवून जाईल. जिथं उतरायचं ठरलं होतं ते प्रमिलाबाईंचं घर दोन मैलांवर राहिलं आणि आम्ही बॅगा घेऊन देवळाच्या दारात उभ्या.

फोन केला. पलीकडून शांत आवाज आला, “तिथंच ऱ्हावा. मी तिकडंच येत होते. आज शुक्रवार की!”

पंधरा मिनिटांत त्या आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, केसांत मोगऱ्याची माळ, हातात लिंबांची पिशवी. म्हणाल्या, “प्रमिलाबाई नको, अक्का म्हणा.” तिथं बायका लिंबू अर्धं कापतात, रस काढतात, साल उलटं करून त्याची वाटी करतात आणि त्यात तेलवात लावतात. दर शुक्रवारी राहुकाळात असे शेकडो दिवे लागतात. माझ्या तोंडावर बुवाबाजीविरुद्धची पत्रकं उमटली असणार, कारण अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या.

“अक्का, तुमच्या पेशींना लिंबाचा दिवा लागतो होय?” मी विचारलंच.

“पेशींना कशाला? मला लागतो. पेशींना साखरेचं पाणी लागतं, ऑक्सिजन लागतो, आणि मी रोज वेळेवर आलेली लागते. पेशींना सुट्टी नसते बाई. देवीला तरी असते.”

मंजू फिस्सकन हसली. माझं पहिलं भाषण तिथंच संपलं.

अक्कांचं घराणं बंगळुरात शहाजीराजांच्या काळापासून आहे. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी कन्नडच्या मांडीवर वाढलेली. ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’, ‘बरं’च्या जागी ‘सरी’. जेवणाला त्या ‘ऊट’ म्हणतात. मी पत्रकाचा विषय काढायला लागले तसं त्या म्हणाल्या, “आधी ऊट, मग बाकी.” मी सुटकेचा निःश्वास टाकला, हे कबूल करते.

त्यांच्या फ्रिजमध्ये एका कप्प्यात डोशाचं पीठ, केळीच्या पानात गुंडाळलेला मोगरा, आणि शेजारी मंजूच्या इन्सुलिनची पेनं. दुपारी त्यांनी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत नेलं. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. तिथं एका बशीत तिखट उपमा आणि गोड शिरा शेजारी शेजारी देतात, त्याला चौ चौ भात म्हणतात. आपल्याकडे तिखटामागून गोड येतं. इथं दोघं एका ताटात भांडण न करता नांदतात. कॉफी ‘बाय टू’ मागायची, म्हणजे एकीत दोघी. मंजूनं शिऱ्याचा डोंगर फस्त केला. एरवी ती घासाघासाचा हिशोब करते. मी म्हटलं, “शाब्बास! प्रवासात अशीच मोकळी राहा.” मग तिनं पाण्याचे तीन ग्लास एका दमात संपवले. मला वाटलं, उपमा तिखट होता.

शनिवार, आनेकलची वाट

प्रयोगशाळा शहराबाहेर, आनेकलच्या रस्त्यावर आहे. दोन बस बदलाव्या लागतात. उंच इमारतींची रांग एका जागी अशी तुटते की कुणी कात्रीनं कापलीय असं वाटावं. पुढं निलगिरी, नाचणीची शेतं, जाळीखाली वाढवलेले गुलाब, दगडाच्या खाणी आणि कारखान्यांची पत्र्याची छपरं. बसमध्ये कापड कारखान्यात जाणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक कन्नड पत्रक हातोहात देत होती. मला एक अक्षर वाचता आलं नाही, पण मथळ्याचा टाइप पाहून कळलं की हे आपल्या भाऊबंदांचं काम आहे. मी ते घडी घालून जपून ठेवलं. मंजूनं तोवर दुसरी बाटली संपवली होती.

“एवढं पाणी?” अक्कांनी विचारलं.

“उकडतंय,” मंजू म्हणाली. उकडत नव्हतं. अक्कांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी खिडकीबाहेर गुलाब पाहत होते.

प्रयोगशाळा म्हणजे काचेचा महाल असेल असं मला वाटलं होतं. ती एक दुमजली, पांढरी, साधी इमारत आहे. बाहेर चपला काढायच्या, आत वेगळ्या घालायच्या. जिथं जिवंत पेशी वाढवतात त्या खोलीत आम्हाला जाता येत नव्हतं. अक्कांनी बाहेरच्या टेबलावर पेशींशिवाय नुसते मणी करून दाखवले.

समुद्री शेवाळापासून एक चिकट पदार्थ मिळतो. तो सिरिंजमध्ये भरला होता. खाली कॅल्शियम घातलेल्या पाण्याचं भांडं. सुईतून थेंब पडतो, पाण्याला लागतो आणि तत्क्षणी घट्ट होतो. टप्, टप्, टप्. भांड्याच्या तळाशी पारदर्शक मणी जमत गेले.

“ताई, बुंदी!” मंजू ओरडली.

“सगळे काही ना काही खायचंच म्हणतात,” अक्का म्हणाल्या. “आमच्याकडची पोरं साबुदाणा म्हणतात. घे, तू पाड.”

मंजूनं सिरिंज धरली. सुई धरायला तिला कोण शिकवणार! तरी तिचे अर्धे मणी शेपटीचे झाले. अक्कांनी चिमट्यानं शेपटीवाले वेगळे काढले, आपण तांदळातले खडे वेचतो तसे. रोज सकाळी त्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मणी असा निवडतात. शेपटी असलेला, चपटा, खरबरीत, सगळे बाद. शरीर खरबरीत गोष्ट खपवून घेत नाही.

“मच्छरदाणी कशी असते?” अक्का सांगू लागल्या. “वारा आत येतो, डास येत नाही. तसाच हा मणी. रक्तातली साखर आत जाते, पेशीला कळतं, ती इन्सुलिन सोडते, इन्सुलिन बाहेर येतं. पण मारायला आलेल्या पेशीला आत शिरता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या पेशी घातल्या तरी चालतील, त्या सांभाळायला शरीराची प्रतिकारशक्ती मारणारी औषधं नकोत. एवढी साधी कल्पना आहे.”

मी वहीत भराभर लिहीत होते. प्रत्येक वाक्य मथळा होता.

मग त्यांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. पहिल्यात ताजा मणी, आत हिरवे ठिपके. हिरवं म्हणजे जिवंत. दुसरा मणी उंदराच्या पोटात काही आठवडे राहून बाहेर काढलेला होता. त्याच्याभोवती पांढरी, जाड साय चढली होती आणि आतले बहुतेक ठिपके लाल, म्हणजे मेलेले होते.

“डास आत गेला नाही,” अक्का म्हणाल्या. “पण शरीरानं मच्छरदाणीवर गोधडी घातली. पेशी गुदमरून गेल्या. काही उंदरांत मणी छान चालतात, महिनोन्‌महिने. काहींत असं होतं. का, ते शोधायला मी रोज येते.” आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणून म्हटलं, पत्रकात एक शब्द राहिला.”

“कुठला शब्द?” मंजूनं विचारलं.

मी वही मिटली.

“ताई, कुठला शब्द?”

“उंदरांत,” मी म्हटलं. “मथळ्यात होता. ओळीत बसत नव्हता.”

मंजू स्टुलावर बसली. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली नाही. तिचे ओठ कोरडे पडले होते. ती एवढंच म्हणाली, “अक्का, पाणी.”

अक्कांनी पाणी दिलं नाही आधी. तिच्यापुढं वाकल्या, तिचा श्वास पाहिला आणि विचारलं, “पोरी, सुई कधी घेतलीस?”

“घेतली.”

“किती?”

मंजूनं खाली पाहिलं. “निम्मी. कालपासून. दवाखान्यानं सांगितलंय, यायच्या आधी तीन दिवस इन्सुलिन निम्मं करा, म्हणजे शरीर तयार होतं.”

काल मी तिला शिऱ्यासाठी शाब्बासकी दिली होती. पत्रकांत आयुष्य गेलेली मी, शेजारी बसलेल्या बहिणीची तहान मला वाचता आली नव्हती.

साखर मोजायचा मीटर लावला. चारशे बारा. अक्का धावत वर गेल्या आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांना घेऊन आल्या. त्या मूळच्या वैद्यकीय डॉक्टर, कानडी, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी लघवी तपासायची पट्टी आणवली. त्यावर कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं, उतरले होते, पण थोडे. मंजूच्या मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला, दोघांनी बोलून डोस ठरवला, मंजूनं स्वतःच तो टोचून घेतला. “उलटी झाली, श्वास वाढला, तर लगेच हॉस्पिटल,” त्यांनी मला बजावलं. “गाडी दारात उभी आहे.”

मग आम्ही थांबलो. तासातासाला मीटर. पाणी. तीनशे चाळीस. दोनशे ऐंशी. अक्का मधूनमधून आपल्या पेशी पाहून परत येत, एक डोळा तिकडं, एक इकडं. दोनशे दहा झाल्यावर मंजू पहिल्यांदा नीट बोलली. ती डॉक्टर मॅडमना म्हणाली, “माणसांत कधी?”

मॅडमनी उत्तर सजवलं नाही. “जगात माणसांवर चाचण्या चालू आहेत. खऱ्या चाचणीची नोंद असते, परवानगी असते, ती लपत नाही आणि रुग्णाकडून फी घेत नाही. आणि मुख्य म्हणजे खरा माणूस तुला इन्सुलिन कमी कर असं फोनवर सांगणार नाही. कधी होईल, ते मला माहीत नाही. होईल असं वाटतं, म्हणून मी इथं आहे. त्या दिवशी तू धडधाकट हवीस. डोळे, मूत्रपिंडं, सगळं शाबूत. ते काम आमचं नाही. तुझं.”

परतीच्या बसमध्ये मंजू खिडकीला टेकली होती. मी म्हटलं, “मंजू, माझी चूक...”

“तह आठवतो ना? भाषण नाही,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “टाइप लहान करता आला नसता?”

“आला असता.”

“मग?”

“मथळा लहान करायची आम्हाला सवय नाही.”

“लावून घे,” ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

रविवार, बनशंकरी

अक्कांनी रागी मुद्दे केले. नाचणीच्या पिठाचे उकडीचे गोळे, शेजारी पालेभाजीचं सार. आपण नाचणीची भाकरी चावून चावून खातो. इथं मुद्दा चावला की हसतात. तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा, गिळायचा. मला पहिल्या घासाला ठसका लागला.

“चावू नकोस गं! दात गल्लीत ठेवून ये,” अक्का म्हणाल्या.

मंजू गोळा तळहातावर तोलून पाहत होती. “अक्का, एका मुद्द्याला इन्सुलिनचे किती युनिट लागतील?”

“सरी, मोजू या,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दोघींनी नाचणी, पाणी, गोळा असं सगळं मांडून हिशोब केला. दोन तासांनी मीटर पाहिला, एकशे चाळीस. एखादी परीक्षा जिंकल्यासारख्या दोघी एकमेकींच्या हातावर टाळी देत होत्या. मी ताटं उचलली. त्या दिवशी माझ्या लायकीचं तेवढंच काम होतं.

संध्याकाळी मंजूनं ठरवलं. “सोमवारी जायचं.”

माझ्या जिभेवर अख्खं पत्रक आलं. मी ते गिळलं. मुद्द्यानं तेवढं शिकवलं होतं.

सोमवार, इंदिरानगर

रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, कपड्यांची दुकानं, कॉफीची दुकानं, आणि त्यांच्यामध्ये तो दवाखाना. थंडगार, सुगंधी. समोरचा तरुण नीटनेटका, मुंबईचा, आमचं आडनाव ऐकून मराठीवर आला. “वेलकम, वेलकम! प्रिपरेशन नीट झालं ना? इन्सुलिन हाफ केलं ना?”

“केलं होतं,” मंजू म्हणाली. “शनिवारी चारशे बारा झालं.”

“ते होतं. बॉडी रेडी होते.”

“मला एक विचारायचंय. तुम्ही बसवलेल्या कॅप्सूल नंतर कधी बाहेर काढून पाहिल्यात? आत किती हिरव्या असतात, किती लाल?”

तो हसला. “म्हणजे?”

“बरं, दुसरं विचारते. तुमच्या चाचणीची नोंद कुठं आहे? मला नंबर लिहून द्या.”

“मॅडम, हे ॲडव्हान्स्ड आहे, तुम्हाला टेक्निकल...”

“कळतं मला. मी शनिवारी मणी पाडलेत. निम्मे शेपटीचे झाले,” मंजू म्हणाली. मग तिनं पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं, घड्याळ पाहिलं, डबा उघडला. अक्कांनी इडल्या दिल्या होत्या. त्याच्या काचेच्या टेबलाशी, त्याच्या डोळ्यांदेखत, तिनं पोटाला सुई लावली. अख्खा डोस. दहा अंक संथपणे मोजले, सुई काढली आणि इडली खाल्ली.

“चल ताई. कॉफी घेऊ. बाय टू नको, आज एकेक.”

त्या दवाखान्याविरुद्ध मी तक्रार लिहिली आहे आणि ती योग्य ठिकाणी पोचली आहे. ती लढाई मी सोडणार नाही. पण त्या माणसावर मला जेवढा राग आला, त्याचा एक वाटा माझ्या नावावर आहे. त्यानं सगळा माल खोटा ठेवला होता. मी खऱ्या मालातला एक शब्द काढून घेतला होता. मंजूला त्याच्या दारापर्यंत नेलं ते त्यानं नव्हे, मी.

मिरज

परतल्यावर मी नवं पत्रक लिहिलं. ‘उंदरांत’ हा शब्द छापखान्यातल्या सगळ्यांत मोठ्या टाइपात, एकटा, एका ओळीत. बाबा प्रूफ पाहून कळवळले. “अगं, मथळ्यात उंदीर? लोकांना वाटेल उंदीर मारायच्या औषधाचं पत्रक आहे!”

“वाटू दे,” मी म्हटलं. “दुसरी ओळ वाचतील.”

दुसऱ्या ओळीत मणी आहेत, मच्छरदाणी आहे, गोधडी आहे. तिसऱ्यात, कुणीही सांगितलं तरी इन्सुलिन कमी करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. ज्यांना बंगळूर पाहता येणार नाही त्यांच्यासाठी हे प्रवासवर्णनही लिहिलं. तिथं एक बाई रोज सकाळी दोन बस बदलून जाते आणि एकेक मणी तांदळासारखा निवडते. सुईला निरोप देणारे असेच लोक असतील आणि ते देतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त ती तारीख त्यांनी सांगायची. मी नाही.

पहिली प्रत अक्कांना पाठवायची होती. पाकीट चिकटवण्याआधी मंजूनं ती माझ्या हातातून घेतली, ओळ न् ओळ वाचली, चौथ्या परिच्छेदापर्यंत गेली आणि कोऱ्या बाजूला आपल्या अक्षरात लिहिलं:

‘अक्का, शब्द जागेवर आहे. मी डोस पूर्ण घेतेय. तुम्ही घाई करू नका. पण सुट्टीही घेऊ नका.’